बाण आणि ज्योत

मोठा समारंभ म्हणजे मंडप, पताका व वाद्यें यांची गर्दी, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं दिसते. १९९२ सालीं बार्सिलोना शहरांत ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन झालें, तेव्हां संयोजकांनीं निराळी वाट धरली.

ज्योत ग्रीसमधील ऑलिंपियाहून आणावयाची, अनेक हातांतून क्रीडांगणांत पोंचवावयाची व शेवटीं तेथील मोठें पात्र प्रज्वलित करावयाचें, हा शिरस्ता ठरलेला. नवें कांहीं सुचावयास जागा काय ती शेवटच्या क्षणीं. बहुधा एखादा खेळाडू पायऱ्या चढून पात्रापाशीं जातो. येथें २५ जुलैच्या रात्रीं आंतोनियो रेबोयो या धनुर्धरानें पेटता बाण दूरच्या, उंचावरील पात्राकडे रोखला. बालपणींच पोलिओनें पाय अधू झालेल्या या गृहस्थानें तो नेम कित्येक महिने घोटला होता. जगभरचे डोळे त्या एका बाणावर खिळलेले. चुकल्यास दुसरा बाण सोडून शोभा थोडीच राखतां आली असती!

बाण सुटला, पात्रावरून गेला आणि ज्वाळा उसळली. तो पात्रांत पडलाच नाहीं, हें पुष्कळांस मागाहून कळलें. पात्रांतून निघणाऱ्या वायूच्या झोतांतून तो जावा व पलीकडे क्रीडांगणाबाहेर पडावा, अशीच योजना होती. यास कोणी फसवणूक म्हणेल, पण तें रास्त नव्हे. पेटता बाण प्रेक्षकांवर पडूं न देणें हें संयोजकांचें पहिलें कर्तव्य. आणि झोत कितीही रुंद असला तरी बाण त्यांतूनच जावयास हवा होता. रेबोयोचा हात कांपला नाहीं.