खंडेनवमी ते चंदी पडवो : शाळेचे आठ दिवस



स्मृतिव्याख्यानाचे विषय सामान्यतः भारदस्त असतात. मी मात्र आज प्राथमिक शाळेच्या वर्षातील अवघ्या आठ दिवसांविषयी बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांचे सारे आयुष्य लहान मुलांच्या वर्गांत गेले. त्यांना हा विषय लहान वाटला नसता.

आश्विनातल्या खंडेनवमीपासून चंदी पडव्यापर्यंतचे हे आठ दिवस. सुरतेतल्या मराठी प्राथमिक शाळेला वर्षभरात याहून धांदलीचा काळ नाही. खंडेनवमीला शाळेची घंटा, टेबल, कपाट, सारे झेंडूच्या फुलांनी मढते. दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची आणि तिच्यापुढे पुस्तक ठेवायचे, ही रीत खानदेशातून इथवर आली. शाळेबाहेर पडावे तर चौकात फाफडा-जलेबीसाठी रांगा लागलेल्या. घरी आपट्याचे पान आणि रस्त्यावर जलेबी, दोन्ही सोने एकाच दिवशी लुटणारे मूल मला तरी दुसऱ्या शहरात फारसे आढळले नाही. त्यातच गांधी जयंती मागेपुढे असते. २०२५ साली तर दसरा आणि २ ऑक्टोबर एकाच दिवशी आले. आणि या सगळ्यावर छाया पहिल्या सत्राच्या परीक्षेची. नवरात्रात रात्री उशिरापर्यंत गरबा पाहून आलेली मुले सकाळी पाढे म्हणताना कशी पेंगतात, हे इथल्या शिक्षिकांना मी सांगायला नको.

पौर्णिमेला कोजागिरी. आपल्या घरी आटीव मसाला दूध, शेजारच्या घरी शरद पूनमचे दूध-पौंआ. दुसऱ्या दिवशी चंदी पडवो, म्हणजे साऱ्या सुरतेने घारी आणि भुसू घेऊन मोकळ्यावर बसण्याचा दिवस. हा ‘पडवो’ आणि आपला ‘पाडवा’ दोन्ही एकाच ‘प्रतिपदे’ची लेकरे. वर्गात हे सांगायला दोन मिनिटे लागतात आणि मुलांना त्यात घारीइतकीच गोडी वाटते. व्युत्पत्तिशास्त्र कंटाळवाणे असते, हा समज आम्हा प्राध्यापकांनी पसरविला आहे.

परंतु या आठवड्यातील खरी शाळा संध्याकाळी भरते. लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांतून भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई बसवितात. कोणी तिला भुलाबाई म्हणतात. टिपऱ्यांच्या तालावर गाणी होतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखण्याची चढाओढ. नुसता आवाज ऐकून पदार्थाचे नाव सांगायचे! नामांची उजळणी याहून चांगली कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? या गाण्यांतली भाषा मात्र पाठ्यपुस्तकातली नव्हे. ती पुष्कळदा अहिराणी असते.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. संध्याकाळी जी मुलगी बिनचूक लयीत गाते, तिचीच परीक्षेतली उत्तरपत्रिका तांबड्या शाईने भरून येते. समजा, ‘माझी आई’ या निबंधात तिने लिहिले, ‘मन्ही माय कारखानामा जास.’ आपण तिथे रेघ मारतो. आता हेच वाक्य गुजरातीत पाहा : ‘मारी मा कारखानामां जाय छे.’ स्थळ दाखविणारा ‘मा’ दोन्हीकडे तोच. अहिराणीत ‘गावना रस्ता’, गुजरातीत ‘गामनो रस्तो’. अहिराणीचा ‘शे’ आणि गुजरातीचा ‘छे’ यांच्यात अंतर ते किती? ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला भिल्ली भाषांबरोबर १९०७ सालच्या खंडात स्थान दिले, ते मराठीच्या खंडात नव्हे. त्याच्या वर्गीकरणाविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि मीही त्याच्याशी सर्वस्वी सहमत नाही. पण एवढे निश्चित, की तापीच्या खोऱ्यातील ही बोली मराठी आणि गुजराती यांच्या मध्ये उभी आहे. ज्याला आपण चूक म्हणतो, तो त्या मुलीच्या पायाखालचा पूल आहे.

हा पूल आज कधी नव्हता इतका उपयोगाचा आहे. २०२३ साली गुजरात विधानसभेने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती विषय अनिवार्य करणारा कायदा संमत केला. त्याविषयी कुरकुर करण्याचे मला कारण दिसत नाही; ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा यावीच. सुरतेच्या महानगरपालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगु अशा अनेक माध्यमांच्या शाळा चालविल्या, हे औदार्यही विसरता कामा नये. प्रश्न वेगळा आहे. घरची बोली अशुद्ध, शाळेची मराठी परकी आणि गुजराती सक्तीची, असे तिन्हीकडून ऐकत वाढणारे मूल अखेर तिन्ही भाषांत मुके होते. मग आईवडील म्हणतात, त्यापेक्षा इंग्रजी माध्यम बरे. आपल्या शाळांचे वर्ग रिकामे होतात, त्याचे खापर आपण केवळ इंग्रजीवर फोडतो. ते मला पटत नाही.

प्रमाण मराठी शिकवू नये, असे मी म्हणत नाही. जन्मभर व्याकरण शिकविलेला माणूस तसे म्हणेल कसा? इथे एक योगायोग सांगावासा वाटतो. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे याच सुरतेत शिक्षक होते, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबर मानवधर्म सभेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. मराठीला नियम घालून देणारा हा माणूस इथे गुजराती मित्रांशी धर्म आणि रूढी यांवर वाद घालीत बसे. एका भाषेचा कडवा अभिमान आणि दुसऱ्या भाषेतील निकटचे मैत्र, ही दोन्ही त्यांच्या ठायी सुखाने नांदली.

ज्यांच्या मुलांविषयी मी बोलतो आहे, ती माणसे तापी खोऱ्याच्या रेल्वेने आली, मागांवर आणि बाजारात राबली. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची वार्ता पसरली तेव्हा भाद्रपद पौर्णिमा नुकतीच उलटली होती. शाळा बंद झाल्या, लाखो माणसांनी शहर सोडले. गुलाबाई बसली न बसली तोच गाड्या भरभरून गावी निघाल्या. तरी ती माणसे परत आली आणि मुलांची नावे पुन्हा हजेरीपटावर चढली. ही निष्ठा शाळेने गृहीत धरू नये.

म्हणून शिक्षकांस माझी एक विनंती आहे. सहामाहीच्या निबंधात अहिराणी वाक्य आले तर त्यावर रेघ मारू नका. शेजारी त्याचे प्रमाण मराठी आणि गुजराती रूप मुलाकडूनच लिहवून घ्या. गुण त्याला तिन्हींचे द्या. वेळ लागेल, हे मला ठाऊक आहे. साठ-साठ वह्या तपासणाऱ्याला उपदेश करणे सोपे असते.

माजी विद्यार्थ्यांकडेही एक मागणे आहे. दिवाळीची एकवीस दिवसांची सुट्टी लवकरच लागेल. आपल्यापैकी बरेच जण शिरपूर, अमळनेर, पारोळ्याकडे जातील आणि लाभपंचमीनंतर बाजार उघडला की परततील. गावी आई, मावशी, आजी असतील त्यांच्याकडून गुलाबाईची गाणी उतरवून आणा. शब्द जसे उच्चारले जातात तसेच लिहा, सुधारू नका. शाळेच्या ग्रंथालयात त्यांच्यासाठी एक कप्पा मोकळा करण्याचे मुख्याध्यापकांनी मघाशीच कबूल केले आहे.