‘बॉलपार्क’ : एका मैदानी शब्दाची मर्यादा

शब्द परदेशी जातो तेव्हा त्याचा अर्थ तेवढा प्रवास करतो. ज्या मातीत तो रुजला ती माती मागे राहते. ‘बॉलपार्क’ हा इंग्रजी शब्द याचे चांगले उदाहरण आहे. चंडीगडच्या राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्कमधील एखाद्या तरुण अभियंत्याला अमेरिकेतील ग्राहक दूरध्वनीवरून विचारतो, ‘या कामाच्या खर्चाचा बॉलपार्क आकडा काय?’ चंडीगड हे क्रिकेटचे शहर, कपिल देव यांचे जन्मस्थान. बेसबॉलचा सामना या तरुणाने बहुधा कधी पाहिलेला नसतो. तरीही प्रश्नाचा रोख त्याला कळतो आणि तो एक आकडा सांगून मोकळा होतो. पण आकडा सांगताना त्याने नेमके काय कबूल केले? हे समजण्यासाठी मूळ मैदानाकडेच गेले पाहिजे.

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचे क्रीडांगण. या खेळात आतल्या चौकोनाची मापे अगदी काटेकोर आहेत. एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत ९० फूट. गोलंदाजाच्या जागेपासून फलंदाजाच्या तळापर्यंत ६० फूट ६ इंच. यात कोठेही फरक चालत नाही. बाहेरच्या मैदानाचे मात्र तसे नाही. त्याचा आकार गावोगाव निराळा. बोस्टन येथील १९१२ साली उघडलेल्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची भिंत ३७ फूट उंच आहे. अन्यत्र तिथे साधे कुंपण असते. तात्पर्य, बॉलपार्क ऐसपैस असते, सर्वत्र सारखे नसते. पण त्याला कुंपण असतेच.

या दोन्ही गुणांवर शब्दाचा पुढचा अर्थ उभा आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात तो मैदानाबाहेर पडून व्यवहारात रुळला. त्या काळी अवकाशातून परतणारी उपग्रहाची कुपी जेथे उतरणे अपेक्षित असे, त्या विस्तीर्ण टापूलाही हे नाव दिले गेले. कुपी नेमकी कोणत्या बिंदूवर पडेल हे सांगता येत नसे; कोणत्या टापूत पडेल हे सांगता येत असे. पुढे ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, ‘इन द बॉलपार्क’ म्हणजे अंदाज आवाक्यात असणे, आणि ‘इन द सेम बॉलपार्क’ म्हणजे दोन गोष्टी साधारण एकाच तोलाच्या असणे, असे प्रयोग रूढ झाले. गंमत अशी, की चेंडू कुंपणापलीकडे टोलावणे ही खेळात मोठी करामत, आणि त्यावरूनही इंग्रजीत स्तुतीचा वाक्प्रचार आहे. अंदाजाची शोभा मात्र कुंपणाच्या आत राहण्यात आहे.

मराठीला ही कल्पना नवी नाही. अदमास, ठोकताळा, ढोबळमान, सुमारे, आवाक्यातला अशी शब्दांची रांगच आपल्याजवळ आहे. बिनबुडाच्या तर्कासाठी ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ असा वेगळा, चिमटा काढणारा वाक्प्रचारही आहे. अदमासामागे अनुभव असतो, अंदाजपंचेमागे केवळ धाडस. हा भेद मराठी माणसाच्या कानाला चटकन कळतो.

त्यातला सर्वांत बोलका शब्द महसूल खात्यातला आहे. पूर्वी पीक किती आण्यांचे आले हे ठरवीत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. त्या आणेवारीची पुढे पैसेवारी झाली. महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने जाहीर होते : प्रथम ‘नजरअंदाज’, मग ‘सुधारित’ आणि शेवटी ‘अंतिम’. पहिला आकडा उभे पीक पाहून. अखेरचा प्रत्यक्ष पीककापणीच्या प्रयोगांवरून. पैसेवारी पन्नासच्या खाली असणे ही दुष्काळी सवलतींची कसोटी दीर्घकाळ राहिली. म्हणजे दोन-चार पैशांच्या फरकावर गावाचा सारा माफ होणे किंवा न होणे अवलंबून. म्हणूनच येथे आकड्यापूर्वी त्याची जात सांगावी लागते. गंमत अशी, की हाच शब्द चंडीगडच्या हिंदी भाषकापुढे उच्चारला तर घोटाळा होईल. त्याच्या बोलीत नजरअंदाज करणे म्हणजे दुर्लक्ष करणे!

खुद्द चंडीगड शहरही एका अंदाजावर उभे आहे. फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला नवी राजधानी हवी झाली. अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी आरंभीचा आराखडा केला. १९५० साली नोविकी विमान-अपघातात निधन पावले, आणि १९५१ पासून ल कॉर्बुझिए यांनी काम हाती घेतले. पहिल्या टप्प्यात दीड लाख, पुढे एकूण पाच लाख, अशी वस्ती धरून हे शहर आखले गेले. सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असे सेक्टर, रस्ते, शाळा, बाजार, सारे त्या आकड्याशी बांधलेले. २०११ च्या जनगणनेत चंडीगड या केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या १०,५५,४५० भरली. तीत मूळ आराखड्याबाहेरच्या वस्त्याही आहेत. तरी अंदाजाचे कुंपण ओलांडले गेले, हे उघड आहे. यात आखणाऱ्यांचा उपहास करण्याचे कारण नाही. माणसे किती येतील हे कोणाला बिनचूक सांगता येते? पण अदमासाचा आकडा एकदा दगड-सिमेंटमध्ये ओतला की तो अदमास राहत नाही. पुढील पिढ्यांना त्याच्याच मापात राहावे लागते.

ढोबळ आकडा सांगणे हा दोष नव्हे. पुष्कळदा तोच प्रामाणिकपणा असतो. सगळे हिशेब हाती येईपर्यंत थांबायचे म्हटले तर ना घर उभे राहील, ना शहर. मात्र सांगणाऱ्याने आपल्या आकड्याचे कुंपण कोठे आहे तेही सांगावे, आणि ऐकणाऱ्याने त्या आकड्याला वचन समजू नये. हा करार पाळला गेला तर शब्द बॉलपार्क असो की अदमास, व्यवहार सुखाचा होतो. तो मोडला, की कालचा ‘सुमारे’ आज ‘ठरलेले’ होतो, आणि भांडण सुरू होते. मैदान कितीही मोठे असले, तरी खेळ सुरू होण्यापूर्वी त्याची सीमारेषा दोन्ही पक्षांना दिसली पाहिजे.