जाहिरात घ्यावी, पण निवड आपली असावी



आपले ऑनलाइन व्यासपीठ चालवायला पैसा लागतो आणि वर्गणी पुरत नाही. मग जाहिराती घ्याव्यात का? मी म्हणतो, घ्याव्यात. पण आपण स्वतः निवडलेल्याच.

जाहिरात मुळातच वाईट, असे मी मानत नाही. १९२० साली डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ मुंबईहून निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला पुण्याच्या ‘केसरी’ने नकार दिला होता. म्हणजे जाहिरातीची जागा कोणाला मिळते, हाही न्यायाचा प्रश्न आहे. आपल्या बचत गटातल्या शिलाईकाम करणाऱ्या बहिणीला, कोंढव्यातल्या छोट्या दुकानदाराला ती मिळाली तर बिघडले कुठे?

देणगी तेवढी स्वच्छ, असेही नाही. ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. असा दाता सर्वांना लाभत नाही. एकाच देणगीदारावर विसंबलेल्या संपादकाला लिहिताना त्याची मर्जी आठवतेच.

खरा धोका आहे तो मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणेतून आपोआप येणाऱ्या जाहिरातींचा. तिथे जाहिरातदार आपण निवडत नाही आणि वाचक काय वाचतो, काय शोधतो, याची नोंद होते. तलाक, पोटगी यांची माहिती आपल्याकडे वाचणाऱ्या कितीतरी बायकांचा मोबाइल घरातल्या सगळ्यांच्या हातात असतो. उद्या त्यावर घटस्फोटाच्या वकिलाची जाहिरात झळकली, तर त्याची किंमत ती बाई मोजेल, आपण नाही.

शिवाय राबणाऱ्यांना विश्वासात घ्यावे लागते. २००२ साली जाहिराती येणार या शंकेनेच स्पॅनिश विकिपीडियाचे अनेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा ज्ञानकोश सुरू केला. विकिपीडिया आजही जाहिरातींविना, देणग्यांवर चालतो. तेवढे देणगीदार आपल्याकडे नाहीत, म्हणून नियम हवेत.

मी चार नियम सुचवतो. जाहिरातदार सभासदांच्या समितीने निवडावा. वाचकावर पाळत ठेवणारी जाहिरात घेऊ नये. गंडे-तावीज आणि हमखास इलाजवाल्यांना जागा देऊ नये. एका जाहिरातदाराकडून वर्षाच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त रक्कम घेऊ नये आणि सगळा जमाखर्च वाचकांसमोर मांडावा.

हे पटत नसेल तर दुसरा मार्ग सांगा, मी ऐकेन. पण निर्णय आजच, सर्वांच्या मताने व्हावा, एवढी विनंती आहे.