ब्राह्मीचा वाफा

मंडळी, ब्राह्मी म्हटले की तुम्हांला केसांचे तेल आठवते. पण ब्राह्मी खायचीही असते. गोव्यात आणि कोकणात हिला एकपानी म्हणतात, कुठे कारिवणाही म्हणतात. श्रीलंकेत हिचे नाव गोटुकोला. तिथे हिची पाने बारीक चिरतात, खवलेला नारळ घालतात आणि भाताबरोबर खातात.

ब्राह्मी उभी वाढत नाही. ती जमिनीवर पसरते. पान गोलसर, रुपयाएवढे. देठाजवळ खाच, कडेला बारीक दाते. दोऱ्यासारखी वेल पुढे सरकते आणि पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते. पाणी आणि सावली मिळाली की बारा महिने हिरवी राहते. उन्हाळ्यात पालेभाजी मिळेनाशी होते, तेव्हा हिची किंमत कळते.

दुसरी एक नीरब्राह्मी असते. तिची पाने लहान, जाडसर आणि लांबट. ती वेगळी. ओळख पटली नाही तर जाणत्याला दाखवा, मगच खा.

पावसाच्या तोंडी मुळ्या असलेले तुकडे आणा. नारळाच्या, केळीच्या सावलीत वीत-वीत अंतराने लावा. खत चांगले कुजलेले घाला. ताजे शेण नको.

आता पाण्याचे. ओल हवी म्हटले की लोक मोरीकडे बोट दाखवतात. तिथे अळू लावा, हरकत नाही. अळू आपण शिजवून खातो. ब्राह्मी मात्र कच्ची खायची आणि तिची पाने मातीला चिकटलेली. मोरीचे घाण पाणी त्या पानांवरून पोरांच्या पोटात जाते. मग हगवण लागते, जंत होतात. चांगली वस्तू खाल्ली आणि पोर आजारी पडले, असे व्हायला नको! म्हणून वाफा मोरीपासून लांब करा. रांजण भरताना सांडते ते पाणी, हंडा विसळलेले पाणी त्याला पुरते. कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून काट्यांचे कुंपण घाला.

मूठभर पाने तीन पाण्यांनी धुवा. ओले खोबरे, मिरची, थोडी चिंच आणि मीठ घालून वाटा. पान जरा कडसर लागते. आम्हांला विचाराल तर ताकात कालवलेली जास्त गोड लागते. कर्नाटकच्या किनाऱ्यावर तशी तंबळी करतात.

शाळेत असताना आम्हांला पालक विचारायचे, "गुरुजी, ब्राह्मी दिली तर पोरगा पास होईल का?" आम्ही म्हणायचो, "भाजी म्हणून द्या. पण पुस्तकही उघडायला लावा." ब्राह्मीने बुद्धी वाढते, हे अजून पक्के सिद्ध झालेले नाही. गरोदर बाईने आणि काविळीच्या किंवा यकृताच्या रोग्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून खाऊ नये. इतरांनीही चटणीपुरतीच खावी.

पाने देठासकट खुडा, वेल उपटू नका. मुळे जागेवर राहिली की नवी पाने फुटतात. वाफा दाट झाला की चार तुकडे शेजारणीला द्या.