माजी विद्यार्थ्यांचा हातभार

नंदन निलेकणी १९७३ साली पवईच्या आयआयटी मुंबईत शिकायला आले. बरोबर पन्नास वर्षांनी, २०२३ मध्ये, त्यांनी संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरून एकूण ४०० कोटी. त्याच वर्षी १९९८ च्या बॅचने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटी जमवले. मला ही एकत्रित देणगी फार मोलाची वाटते, कारण तिथे ज्याला जमेल तसा हातभार लावता येतो.

या पैशाचं होतं काय? पुष्कळदा मूळ रकमेची ठेव तशीच राहते आणि तिच्या व्याजावर एखाद्या विषयाचं अध्यासन वर्षानुवर्षं चालतं. अनुदानात न बसलेलं यंत्र प्रयोगशाळेत येतं. आणि फी भरायच्या शेवटच्या दिवशी घरी फोन लावून गप्प झालेल्या मुलीला शिष्यवृत्ती मिळते. सोमवारी ती वर्गात असते.