गावाचा निस्तार आणि गावाची सभा



ज्यांच्या स्मृत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, ते हाडाचे शिक्षक होते. शिक्षकाचे स्मरण शब्दविचाराने करावे, म्हणून आपल्याच मुलखातील एक शब्द मी आज निवडला आहे : निस्तार.

पुण्या-मुंबईकडे हा शब्द समजावून सांगावा लागतो. बालाघाट-भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला नाही. चराई, जळाऊ लाकूड, तलावाचे पाणी, गाडीवाट, स्मशान, अशा नित्य गरजा सामाईक जागेवर भागविण्याचा गावाचा हक्क म्हणजे निस्तार. जुन्या मध्यप्रांतात बंदोबस्ताच्या वेळी अशा वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तात नोंदल्या जात. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मालगुजारीत बेगारही होती. परंतु गावाचा हक्क दप्तरात होता, तसा लोकांच्या तोंडीही होता.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि पडीत जमिनी, तलाव शासनाकडे आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. वैनगंगेच्या खोऱ्यातील सोयरीक टिकली. कायदे मात्र निराळे झाले. १९५९ च्या भू-राजस्व संहितेने निस्तार-पत्रकाची तरतूद केली. त्यात ग्रामस्थांची इच्छा जाणून घेण्याचे कलम आहे. पण जी इच्छा कोणी बोलूनच दाखवीत नाही, ती नोंदणार कोण?

हे बोलण्याचे स्थान म्हणजे ग्रामसभा. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये मध्यप्रदेशाने पंचायत निवडणुका घेतल्या; २००१ मध्ये ग्रामसभेला अधिक अधिकार दिले. बैहरसारख्या अनुसूचित क्षेत्रासाठी १९९६ चा पेसा कायदा आला. त्याचे राज्याचे नियम व्हायला मात्र २०२२ साल उजाडले.

‘आमचे गाव लहान, आमच्याने काय होणार?’ असे पुष्कळदा ऐकू येते. फ्रान्सकडे पाहावे. १७८९ च्या राज्यक्रांतीपासून तेथे लहानशा खेड्यालाही स्वतःची नगरसभा आहे. अशा सुमारे ३५ हजार सभांपैकी निम्म्याहून अधिक गावांची वस्ती पाचशेच्या आत आहे. जन्म, विवाह, मृत्यू यांची नोंद गावचा महापौरच ठेवतो. इतके दूर जायचे नसेल, तर शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) पाहा. त्या छोट्या गोंड गावाने अभ्यासगटात आधी विषय समजून घेण्याची आणि मग सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेतली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. कायदा सर्वांसाठी होता. त्याचा उपयोग अभ्यास केलेल्या गावाने आधी केला.

आपल्याकडे काय दिसते? कित्येक ठिकाणी सभा भरत नाही; रजिस्टर घरोघर फिरते, सह्या-अंगठे घेतले जातात आणि ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते. भाषेचा अध्यापक म्हणून आणखी एक गोष्ट मला खुपते. गावाचे भांडण पोवारीत, मराठीत, गोंडीत चालते. ठराव मात्र कचेरीच्या हिंदीत उतरतो. दप्तराची भाषा तीच असू द्यावी; पण सही घेण्यापूर्वी ठराव लोकांच्या बोलीत वाचून दाखवावा. न समजलेल्या ठरावाला दिलेली संमती ही संमती नव्हे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला आपापल्या गावी जा, निस्तार-पत्रक मागून घ्या आणि ते सर्वांसमोर मोठ्याने वाचा. वाचायला आपल्याला या शाळेने शिकविले आहे. त्या ऋणातून अंशतः उतराई होण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.