वस्तूसोबत तिची नोंदही जपा



बक्षिसं मिळवलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांचं मनापासून अभिनंदन!

यंदाची सहल ठरवताना माझं एक ऐका. पुण्याला डेक्कन कॉलेजची संग्रहालयं बघून या. १८२१ च्या पाठशाळेतून वाढलेली ही संस्था आज अभिमत विद्यापीठ आहे. तिथे एक संग्रहालय पुरातत्त्वाचं, दुसरं मराठ्यांच्या इतिहासाचं. दुसऱ्याचा पाया म्हणजे द. ब. पारसनीसांचा साताऱ्याचा संग्रह. तो १९३९ मध्ये पुण्याला आला.

पुरातत्त्वाच्या संग्रहालयात इनामगावची माहिती निवांत वाचा. शिरूर तालुक्यातलं, घोड नदीकाठचं हे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. तिथल्या उत्खननात कच्च्या मातीचा, चार पायांचा मोठा रांजण निघाला. आत पाय दुमडून बसवलेल्या माणसाचा सांगाडा होता. सोबतच्या मडक्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली. ही होडी शेवटच्या प्रवासासाठी असेल का? हा प्रश्न आपल्याला पडतो, कारण रांजण आणि मडकं एकत्र सापडल्याची नोंद खोदणाऱ्यांनी केली. ती नसती, तर नुसतं एक रंगवलेलं मडकं उरलं असतं.

अशी नोंद आपल्या महाडच्या दाराशीही आहे. गांधारपाल्याच्या लेण्यात राजकुमार काणभोज विष्णुपालित याचं दान दगडात कोरलंय: लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याची टाकी आणि लेण्याची वाट. वाटेचीसुद्धा नोंद केली त्यांनी!

आणि आपण? जुलै २०२१ च्या पुरात महाडमधल्या घराघरांतले फोटो, कागदपत्रं चिखलात गेली, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात रांगोळी प्रदर्शनाशेजारी घरच्या जुन्या वस्तूंचं दालन मांडा. महाडच्या पेठेतून पायली येऊ दे, पोलादपूरच्या वाडीवरून इरलं येऊ दे. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी हवी: गाव कोणतं, बनवली कोणी, वापरायचं कोण, वापर कधी थांबला. आजी-आजोबा सांगायला आहेत तोवर त्यांना विचारा. फोटो काढा, नोंदवही करा आणि ती पुराचं पाणी पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा.

ती नोंदवही वाचायला मला बोलवा, मी नक्की येईन.